डब्यावरचं बारीक अक्षर

घरची धाकटी लेक पाठीवर पंप घेऊन काचघरातल्या गुलाबांवर फवारणी करत होती. दाराशी तिची वहिनी फुलांच्या जुड्या बांधत होती.

"अगं, पाठ भिजलीय तुझी! पंप गळतोय का?"

"घाम असेल. झालंच, दोनच रांगा राहिल्यात."

वहिनी लग्नाआधी दोन वर्षं रसायनशास्त्र शिकली होती. नवा डबा आला तेव्हा तिनं त्यावरचं बारीक अक्षर वाचलं होतं. वर ठळक नाव नेहमीचंच, 'पहारा'. आतलं रसायन मात्र बदललेलं. तिनं नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. "आता बाबांना शिकवणार का तू?" त्या घरात सुना सासऱ्यांसमोर तोंड उघडत नसत.

तासाभरात धाकटी कोसळली. तोंडातून लाळ, हातापायांना थरथर. दवाखान्यात नवख्या डॉक्टरांनी विचारलं, "काय फवारलं?"

"औषध. पहारा," सासरे म्हणाले.

डॉक्टरांनी पुस्तक चाळलं. "म्हणजे सायपरमेथ्रिन. पण लक्षणं जुळत नाहीत. नक्की?"

"दहा वर्षं तेच वापरतोय."

वहिनीनं नवऱ्याची बाही ओढली. "अहो, ते नाहीये. सांगा ना!"

"थांब जरा. बाबा बोलतायत ना."

ती थांबली. भिंतीला टेकून, पदर मुठीत आवळून थांबली. आत धाकटीच्या छातीत घरघर वाढत गेली, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"मोनोक्रोटोफॉस आहे ते! नाव जुनं, पण आतलं विष बदललंय!"

डॉक्टर उताऱ्याच्या इंजेक्शनसाठी धावले. पण फार उशीर झाला होता. दुपारी धाकटी गेली. एकोणीस वर्षांची होती.

तिसऱ्या दिवशी शेजारचे बागवाले भेटायला आले. "औषध चढलं. नशीब आमचं," सासरे सांगत होते. वहिनी आतून आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"औषध नव्हतं, विष होतं. त्याचं नाव मला माहीत होतं. तुमच्याकडचेही डबे आणा, मी वाचून दाखवते."

सासरे तिच्याकडे वळले. "माहीत होतं? मग आधी का नाही बोललीस, पोरी?"

"तुम्ही बोलत होतात, बाबा."

म्हाताऱ्यानं तोंड ओंजळीत लपवलं. आतल्या दाराआड उभी असलेली सासू बाहेर आली, पुरुषांच्या त्या बैठकीत सुनेला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली.