कृष्णनाथची जागा

चेंडू पायात आला की कृष्णनाथ आधी मान वर करून बघायचा. बघून झालं की पुन्हा एकदा बघायचा. लोक बोंबलायचे, "अरे, मार मरे!" हा ढिम्म. मग अगदी साधा पास द्यायचा, आणि तो नेमका आपल्याच माणसाच्या पायात जायचा. मी आमच्या इब्रामपूरच्या संघाचा गोलकीपर. पुढ्यात हाफला, म्हणजे मधल्या फळीत, हा असला की मला चक्क जांभया यायच्या. गोलकीपरला याहून मोठं सुख नाही, पण मैदानाबाहेरच्या शहाण्यांना हे कोण सांगणार?

गोवा राज्य झालं त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही डिचोलीच्या स्पर्धेत फायनलला पोचलो. मराठी की कोकणी यावरून वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंसुद्धा आमच्यासाठी एकाच टेम्पोत कोंबून यायची. त्यात बातमी आली की एका खाण कंपनीची माणसं फायनल बघायला येणार, त्यांच्या संघासाठी खेळाडू हवाय. संघात घेतला की कंपनीत नोकरी. कृष्णनाथला ती हवीच होती. गंगाशी त्याचं जमलं होतं, पण नोकरी लागेपर्यंत लग्नाची तारीख धरायची नाही, असं तिच्या बापाने बजावलं होतं.

आमचा कोच बाबली. खनिजाचा ट्रक चालवायचा. तरुणपणी स्वतः फॉरवर्ड होता, आणि कृष्णनाथवर त्याचा जीव. तिथेच सगळा घोळ झाला.

"हाफाक कोण बघता? गोल मारता त्येकाच बघतत," बाबली म्हणाला. "ह्येका फुडें खेळवया."

मी कडाकडा भांडलो. अर्धा संघ माझ्या बाजूने, अर्धा त्याच्या. शेवटी गावात अडलं की करतात तेच आम्ही केलं. देवळात जाऊन देवीला कौल लावला. गुरवाने देवीच्या मूर्तीला उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या; जी आधी पडेल तो कौल. बाबलीने हात जोडले. "माये, कृष्णनाथाक फुडें खेळवू काय? व्हय जाल्यार उजवी दी."

उजवी पाकळी पडली. आता तोंड कोण उघडणार? कृष्णनाथ आमच्या मागेच उभा होता. त्याने मुकाट्याने नमस्कार केला.

फायनलला तो पुढे एकटा पडला. पाठीवर दांडगे बॅक, बघायला उसंत नाही. तो मान वर करेपर्यंत चेंडू गेलेला असायचा. लोक हसायला लागले, आणि त्यात आमच्या गावचेही होते. मागे त्याची जागा रिकामी, त्यामुळे माझ्यावर चेंडू येऊन आदळत होते. हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे होतो.

मी बाबलीला धरलं. "फाटीं घे त्येका. अजून वेळ आसा."

बाबलीलाही ते दिसत होतं. त्याचे डोळे भरले होते. "कौल मोडू? उद्या गावार काय इला म्हणजे?"

त्याने त्याला पुढेच ठेवलं. शेवटी शेवटी एकदा गोल समोर अगदी मोकळा मिळाला. कृष्णनाथने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि त्यांच्या गोलकीपरने पायातला चेंडू उचलून नेला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आम्ही हरलो.

कंपनीचा माणूस आमच्याकडे आला तो बाबलीवर उखडूनच. "सेमीफायनलला याला हाफला बघितलं मी. इतका सांभाळून खेळणारा हाफ आमच्याकडे नाही. साहेबांना मुद्दाम याचा खेळ बघायला घेऊन आलो, आणि तुम्ही त्याला पुढे उभा केलात? फॉरवर्ड ढीगभर आहेत आमच्याकडे. साहेब आता त्याचं नावही ऐकून घेत नाहीत." आणि तो गेला.

कृष्णनाथ जवळच गवतात बसून बूट काढत होता. त्याने सगळं ऐकलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर, असता तर बरं झालं असतं.

"बाबलीदादा," तो म्हणाला, "देवीक इचारलंस. माका इचारूक काय जाल्ला?"