बाईंचा चमचा

चर्चच्या पाळकांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणून बसले. दर मंगळवारी बाईंकडे जायचं, भरवायचं, वेणी घालायची, शुभवर्तमानातला एक अध्याय वाचून दाखवायचा. बाई म्हणजे मला शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाई. अर्धांगवायूनं वाचा नेली, उजवी बाजू नेली. डाव्या हातात तेवढा चमचा राहिला. माझं वाचन चुकलं की पलंगाच्या दांड्यावर टक. म्हणजे, पुन्हा वाच.

आज मात्र मी सांगायलाच निघाले होते, यापुढे जमणार नाही म्हणून. छोटीला दात येताहेत, तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही, घरी कपड्यांचा डोंगर. सासूबाई म्हणाल्याच होत्या, घरचं लेकरू रडवून बाहेर कसली सेवा?

वेणी घालताना सांगू म्हटलं, धीर झाला नाही. भरवताना सांगू म्हटलं, तर सोबत आणलेल्या छोटीनं भोकाड पसरलं. तिला बाईंच्या डाव्या कुशीत टेकवलं आणि एक डोळा घड्याळाकडे ठेवून वाचायला बसले. अख्खी ओळ गाळली. टक. पुढे 'प्रतिफळ' होतं, ते मी 'परतफेड' वाचलं. टक. पुन्हा वाचलं, पुन्हा परतफेडच. टक, टक. बाईंचा वाकडा ओठ हसला की काय, कोण जाणे. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा पुस्तक मांडीवर पालथं, ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरलेलं. दचकून उठले. छोटी बाईंच्या दंडावर गाढ झोपली होती. चावून चावून ओला केलेला चमचा तिच्या मुठीत. बाईंचा हात अवघडला होता, पण जागचा हलला नव्हता. तासभर तरी.

"बाई, हाक तरी मारायची," म्हणाले आणि जीभ चावली.

हात चोळून दिला. छोटीला खांद्यावर घेतलं, एक पाय चपलेत सरकवला आणि एकदाचं बोलून टाकलं, "बाई, पुढच्या मंगळवारपासून मला जमणार नाही."

चमचा अजून छोटीकडेच होता. बाईंनी बोटाच्या पेरानं दांडा वाजवला.

टक.

दुसरी चप्पल पायाला सापडेना.

"पुढच्या मंगळवारी," मी म्हणाले, "मला जरा उशीर होईल."

दांडा वाजला नाही.