अ वर्गातले अंबाजी

अंबाजी बिरादार मेअखेरीस निवृत्त झाले. रीतसर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि कुलसचिवांनी भाषणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांना अंबादास म्हटलं. हे एकदा सांगून टाकलं. आता विसरून जायचं, कारण विद्यापीठाच्या अभिलेख विभागात सगळ्यांनी तेच केलं.

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी अंबाजी विभागातल्या स्टुलावर चढून घड्याळाचा काटा पुढे ढकलत होते. घड्याळ तेच, निरोपाचं. ते त्यांनी घरी नेलंच नव्हतं. समारंभ संपल्यावर तिथल्याच खिळ्याला अडकवून दिलं होतं. आता ते मागे पडतंय का, हे बघायला रोज येणं भाग होतं.

योगिनी दारात थबकली. मग तिने त्यांच्या खुर्चीवर शुक्रवारी ठेवलेला आपला फायलींचा गठ्ठा उचलला आणि खुर्ची पदराने पुसली.

"दोन मिनिटं स्लो आहे," अंबाजी वरूनच म्हणाले. "सरकारी घड्याळ. लक्ष ठेवावं लागतंय."

"ठेवा की काका," योगिनी म्हणाली.

योगिनी पुण्याची. नवऱ्याच्या, मंदारच्या नोकरीमागे दोन वर्षांपूर्वी हैदराबादला आली आणि विद्यापीठात कंत्राटावर लागली. काम होतं जुन्या नोंदी संगणकावर आणण्याचं. आल्यावर तिला कळलं की जुन्या नोंदी संगणकावरच आहेत. अडचण एवढीच की संगणकही जुना आहे. दहा वर्षांमागचे निकाल पापडाएवढ्या मोठ्या, लवचीक फ्लॉप्यांवर होते आणि त्या फ्लॉप्या वाचणारं यंत्र अख्ख्या विद्यापीठात एकच उरलं होतं. ते विभागाच्या कोपऱ्यात, एसीच्या थेट झोतात, भरतकामाच्या रुमालाखाली बसलेलं असे.

तेही सरळ वाचत नसे. फ्लॉपी घातली की घर्र करून गप्प. मग अंबाजी उठत, चपला काढत, यंत्राच्या डाव्या बाजूला जात आणि खालून वर एक चापट देत.

"चल गं माय. चल."

आणि यंत्र वाचायला लागे.

बाकीच्यांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. योगिनीने त्याच जागी, तेवढ्याच जोराने मारून पाहिलं. मंदारने एका शनिवारी येऊन मारलं आणि हे किलोवर विकतात, असं मत दिलं. कर्मचारी संघटनेच्या अध्यक्षांनी घोषणा देऊन मारलं. यंत्र घर्र करून गप्प.

"तुमचा हात नवा आहे ना बाई," अंबाजी समजूत काढत. "आमच्या भालकीकडं म्हैस असंच करते. हात बदलला की पान्हा चोरते."

"काका, हे मशीन आहे."

"मग? म्हैस काय वेगळं करते? इकडून घाला, तिकडून काढा."

यंत्र आलं त्या दिवशी ट्रकमधून ते उतरवून घेणाऱ्यांत अंबाजी होते. दर दसऱ्याला ते त्याची पूजा करत. हळद-कुंकू, झेंडूची माळ, कीबोर्डावर आपट्याचं पान, कुंकवात माखलेल्या अक्षता. नैवेद्य तोंडाला लावायचा असतो आणि त्या यंत्राला तोंड एकच होतं, फ्लॉपी घालायचं. पण हा विषय नंतर.

त्या आठवड्यात दोन कागद आले. एकात लिहिलं होतं की आधुनिकीकरण समिती पाहणीला येणार आहे. निरुपयोगी यंत्रं भंगारात जातील आणि विभागात बाहेरची व्यक्ती आढळल्यास संबंधितांवर कारवाई होईल. दुसरा कागद इलेक्ट्रॉनिक अभिलेखांच्या जतनाबद्दल होता. अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचं, ब वर्ग दहा वर्षं, क वर्ग तीन वर्षांनी नष्ट. शिवाय, अ वर्गातला अभिलेख वाचण्यासाठी जे जे अत्यावश्यक असेल ते ते त्याच्यासोबत जतन करावं, असंही होतं. योगिनीने दोन्ही कागद वाचले. पहिला वाचताना तिची नजर अंबाजींकडे गेली. ते फ्लॉप्यांची पाकिटं फडक्याने पुसत होते, बाळाचं अंग पुसावं तशी.

"बाहेरची व्यक्ती म्हणजे कोण हो?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"असेल कुणीतरी," योगिनी म्हणाली.

दुपारी फोन आला.

"मॅडम, मी सावित्रीबाई बोलायले, अंबरपेठहून. आमचे हे तिकडंच आहेत ना?"

समोर अंबाजी होते. योगिनीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आहेत म्हणा. नाही म्हणू नका," सावित्रीबाई घाईने म्हणाल्या. "एसटीडीच्या बूथवरनं बोलायले, मीटर पळायलंय. ऐका. रविवारचे घरी होते. एका दिवसात माझ्या सगळ्या डब्यांना नंबर घातले. हळद अ वर्ग, डाळी ब वर्ग. लोणचं तीन वर्षांवरचं निघालं, तर क वर्ग म्हणून नेऊन पुरलं परसात. वर मला साक्षीदार म्हणून सही मागायलेत!"

"केलीत?"

"केली. काय करू? माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागायलंय." मग जरा थांबून, हळू आवाजात, "ते जाऊ द्या. घरी असले की दुपारच्या जेवणानंतर पायात चपला घालून दारात बसतेत. कुठं निघालात विचारलं तर कुठं नाही म्हणतेत. तेवढं नाही बघवत बाई. डबा मी तुम्हा दोघांचा देत जाते. पण तिकडं ठेवून घ्या त्यांना."

फोन ठेवून योगिनीने अंबाजींकडे पाहिलं.

"कोण होतं?"

"चुकीचा नंबर."

"फार वेळ बोलत होता चुकीचा नंबर," अंबाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंबाजी घड्याळाचा सेल आणायला दिलसुखनगरला गेले. सेल जवळच्या विद्यानगरातही मिळतो, पण तिथे वेळ कमी जातो. ते गेले आणि एक बाई आल्या. अठ्ठ्याऐंशी सालचे मार्क हवे होते. त्या काळात ज्याला त्याला अमेरिकेला जायचं होतं आणि अमेरिकेला प्रत्येकाचे जुने मार्क बघायचे होते. योगिनीने फ्लॉपी घातली. घर्र. चापट मारली. गप्प. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं.

तेव्हा योगिनीने पेचकस घेतला आणि यंत्र उघडलं.

तोंडाच्या आत, सरकत्या पट्टीच्या खाली, तांदळाचा एक दाणा अडकला होता. कुंकू उडून फिकट झालेला, कुठल्या तरी जुन्या दसऱ्याचा. ती बघतच राहिली. फ्लॉपी काढली की दाणा पट्टीखाली घरंगळून येई. बाकीचे लोक टेबलावर मारावं तशी वरून खाली मारत. अंबाजी म्हशीच्या कुशीवर मारतात तशी खालून वर. तेवढ्याने दाणा बाजूला उडत असणार. त्यांनीच भरवलेला घास आणि त्यांनीच पाठ थोपटून उतरवायचा. भुवया कोरायच्या चिमट्याने तिने दाणा काढला आणि फ्लॉपी घातली. यंत्राने न कुरकुरता वाचली.

बाई मार्क घेऊन अमेरिकेच्या दिशेने गेल्या. अंबाजी सेल घेऊन परत आले तेव्हा छापलेल्या कागदाची एक प्रत टेबलावर पडली होती.

"हे कुणी काढलं?"

"चाललं आज. आपोआप."

"आपोआप," अंबाजी म्हणाले. त्यांनी सेल टेबलावर ठेवला. घड्याळात घातला नाही. मग यंत्रापाशी जाऊन खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. बऱ्याच वेळाने योगिनीच्या लक्षात आलं की त्यांनी चपला काढलेल्या नाहीत.

पुढचे काही दिवस यंत्र गुणी मुलीसारखं वागलं. अंबाजी जेवायला व्हरांड्यात गेले की योगिनी एकेक फ्लॉपी नव्या यंत्रावर उतरवून घेई. पाहणीच्या आदल्या दिवशी शेवटची झाली. सगळे निकाल आता दोन जागी सुरक्षित होते. कंत्राट होतं ते काम संपलं होतं, आणि चांगलं झालं होतं. अंबाजी घरी जायला निघाले.

"उद्या येऊ का नको?" त्यांनी दारातून विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं.

"घड्याळ बंद आहे काका," योगिनी म्हणाली. "कोण बघणार?"

ते गेल्यावर तिने खण उघडला, रुमालाच्या टोकाला बांधून ठेवलेला दाणा काढला, पेचकस घेतला आणि दाणा जिथे सापडला होता तिथे परत ठेवून दिला.

सकाळी ती आली तेव्हा विभाग उघडा होता. शिपाई म्हणाला, बिरादारसाहेब केव्हाचे आलेत. अंबाजी स्टुलावर होते, घड्याळ चालू होतं, आणि बोटं ते धोतराच्या सोग्याला पुसत होते.

समितीत तिघे होते. मुख्य होते वेंकटरमणा साहेब. हातात फिरवायला काही नसलं की ते पेन फिरवत. त्यांनी रुमाल उचलला आणि यंत्राकडे पाहिलं.

"अरे वा. ये अभी ज़िंदा है?"

"जी सर," योगिनी म्हणाली.

"पढ़के दिखाओ."

योगिनीने फ्लॉपी घातली. घर्र. गप्प. तिने मारलं. गप्प.

"काका," तिने हाक मारली.

"ये कौन साहब?"

अंबाजींनी चपला काढल्या, डाव्या बाजूला गेले आणि खालून वर चापट दिली. "चल गं माय."

यंत्र गप्प.

त्यांनी पुन्हा दिली. गप्प. दाणा वाकडा बसला, योगिनीला वाटलं. आपल्याच हाताने यांना घालवलं. तिने अंबाजींकडे पाहिलं. अंबाजी तिच्याकडेच बघत होते, दुधाचं भांडं लवंडलेल्या माणसाच्या चेहऱ्याने. दोघांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

"माय," अंबाजी यंत्राच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असता तिथे, वाकून म्हणाले, "इज्जत ठेव." आणि तिसरी चापट दिली.

यंत्र घरघरलं, अडखळलं, आणि हिरव्या अक्षरांत सत्त्याऐंशी सालचा निकाल पडद्यावर उतरू लागला.

फ्लॉपी काढून पुन्हा घालायला लावण्यात आली. वेंकटरमणा साहेबांनी स्वतः मारून पाहिलं. दुसऱ्या सदस्यांनी मारलं. तिसऱ्यांनी आधी बूट काढले आणि मग मारलं. काही नाही. अंबाजींनी मारलं, निकाल आला.

"साइंटिफिक नहीं है," वेंकटरमणा साहेब बूटवाल्या सदस्यांकडे न बघता म्हणाले. "ये स्टाफ में हैं क्या?"

"नहीं सर," योगिनी म्हणाली. "उपकरणों में हैं. मशीन का हिस्सा."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी अंबाजींकडे पाहिलं, त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"तो लिखके भेजो," ते म्हणाले. "मशीन को तब तक मत हिलाओ."

समिती चहाला गेली. अंबाजींनी फ्लॉपी पाकिटात घातली आणि स्टुलावर चढून काटा दोन मिनिटं पुढे केला. तेवढ्यात योगिनीने यंत्र उघडलं.

आत दोन दाणे होते. एक फिकट, तिचा. दुसरा लालभडक, कुंकू अजून पुरतं वाळलंही नव्हतं. दसऱ्याला अजून चार महिने होते.

"आत काय बघायलात बाई?" स्टुलावरून आवाज आला.

"धूळ आहे का बघतेय काका."

"असंल," अंबाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "राहू द्या थोडी."

योगिनीने चिमट्याने आपला दाणा काढून घेतला. लाल दाणा होता तिथेच राहू दिला आणि पेच घट्ट केले. मग नव्या यंत्रासमोर बसून तिने टाइप करायला घेतलं.

प्रति, मा. कुलसचिव. विषय: अ वर्गातील इलेक्ट्रॉनिक अभिलेखांसोबत जतन करावयाच्या उपकरणांबाबत. महोदय, सदर अभिलेख वाचण्यासाठी अत्यावश्यक घटक म्हणून श्री. अंबाजी बिरादार, अंबादास नव्हे, यांची नोंद उपकरण-सूचीत यंत्राच्या लगेच खाली घेण्यात यावी. त्यांना धूळ, ओलावा व रिकामी दुपार यांपासून दूर, मूळ जागी, मूळ खुर्चीत कायमस्वरूपी ठेवण्यात यावे. त्यांचे भंगारात, गोदामात अथवा घरी स्थलांतर करू नये. आणि मेअखेरीस त्यांची जी निवृत्ती झाली, ती झालीच नव्हती असे समजण्यास पूर्वलक्षी प्रभावाने मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.