वेंडेलचा स्वर्गातला वाढदिवस

केक नेलने केला होता. लिंबाचा, वर पांढरी साखर, मधोमध मेणबत्ती. मेणबत्ती एकच, कारण वेंडेल उनरू जाऊन त्या रविवारी एक वर्ष झालं होतं, आणि ह्या चर्चमध्ये मरणाला कुणी मरण म्हणत नाही. माणूस इथं डोळे मिटतो, तिथं उघडतो. तो त्याचा तिकडचा जन्म. मग वर्षाने वाढदिवस आलाच.

चर्चच्या तळघरात युवा मंडळाची पोरं टेबलाभोवती जमली होती. सगळ्यांचे चेहरे गुपित सांभाळणाऱ्यांचे असतात तसे. थिया जिना उतरून आली आणि शेवटच्या पायरीवरच थांबली. ती वेंडेलची धाकटी बहीण.

"ये, ये," ओरिन म्हणाला. "आधी गाणं, मग केक. मी सकाळपासून उपाशी आहे."

"हे कुणासाठी?"

"वेंडेलसाठी," नेल म्हणाली. तिचा आवाज आनंदाने जरा चढलाच होता. "पहिला वाढदिवस."

"तो खाणार आहे?"

ओरिनने पुढे केलेली काडेपेटी मागे घेतली.

"लिंबाचा केक त्याला आवडायचा नाही," थिया म्हणाली आणि आली तशी वर निघून गेली.

*

*जे जे बोललं गेलं*

तो आता सुखात आहे.

रडायचं कशाला? तो बघतोय ना.

त्याला तिकडे काम मिळालं असेल, बघ. रिकामं बसवून ठेवतात की काय कुणाला तिथं?

न्यायला तुझी आजीच आली असणार.

काळं नको घालूस, हा काही शोक नाही.

किती भाग्याची तू. आपल्याला निदान ठाऊक तरी आहे. बाकीच्या बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नसतं.

(हे शेवटचं गुस्टाफ एडिगर म्हणाले. चर्चमधले सगळ्यांत वडीलधारे. थियाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले.)

*

आता ही माणसं वाईट होती असं कुणी समजू नये. वेंडेलची गाडी बर्फावरून घसरली त्या आठवड्यात उनरूंच्या घरात चूल पेटली नाही, कारण पेटवायची गरजच पडली नाही. बटाट्याच्या, नूडल्सच्या, चीजच्या पदार्थांची भांडी दारात येत राहिली. कुणी न सांगता शेजाऱ्यांनी गुरांचं केलं. गुस्टाफ एडिगर तर रोज पहाटे येऊन गोठ्यातलं पाणी फोडून जात, बर्फ झालेलं. ह्या लोकांचा धर्मच तो. नुसतं मानून भागत नाही, हातून काही झालं पाहिजे.

आणि जे बोलले ते मनापासून बोलले. प्रत्येक वाक्य ऊबदार होतं. पण अंगावर एकामागून एक गोधड्या टाकत गेलं की आतल्या माणसाला श्वास घेता येत नाही.

थिया वर्षभर रडली नाही. भाऊ स्वर्गात मजेत असताना रडणारी बहीण म्हणजे स्वार्थीच की.

*

तर अडचण काय होती ती सांगून टाकतो.

एकोणीस जून हा ह्या चर्चचा मोठा सण. इथल्या समजुतीप्रमाणे त्या दिवशी प्रभूने आपल्या शिष्यांना पुन्हा एकदा, परलोकभर, निरोप घेऊन धाडलं. त्याच सकाळी वयात आलेली मुलं सगळ्यांसमोर उभी राहतात आणि आईबापांनी दिलेला विश्वास आपला म्हणून स्वीकारतात. यंदा थिया आणि नेल. आठ वर्षांच्या असल्यापासून दोघींचं ठरलेलं होतं की उभं राहायचं ते शेजारी शेजारी.

आणि थियाला वेंडेल कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. पूर्वी होतं. लहानपणी पाठ केलं होतं, पटलंही होतं. पण रिकाम्या खोलीसमोरून रोज जाताना ते कुठेतरी गळून पडलं. उभं राहून हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर ही माणसं सोडून तिला दुसरी माणसंच नव्हती. खोटं बोलून आत राहायचं की खरं बोलून बाहेर जायचं? तिसरी वाट तिला दिसेना.

*

पुन्हा तळघर. त्याच रविवारी, सगळे गेल्यावर. नेल बशा विसळतेय. मिस आर्डिथ पुसताहेत. मंडळ त्याच चालवतात, नेलची आई मंडळात होती तेव्हापासून.

"माझं काय चुकलं?"

"केक छान झाला होता."

"मिस आर्डिथ."

"साखर जरा जास्त."

"मी तिच्यासाठीच केला ना?"

"तिने मागितला होता?"

"...नाही."

"हं. आपण काय शिकवतो ग? देव दाराशी उभा राहतो. कडी आतून आहे. तोसुद्धा ढकलत नाही, कारण ढकलून आत आलेलं काही माणसाच्या घरात टिकत नाही. तू तर केक घेऊन खिडकीतून शिरलीस."

"मग आता?"

"आता ती बशी परत घास, चिकट आहे. मग दाराशी जाऊन उभी राहा."

"आणि तिथं काय बोलू?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मैत्रीण तुझी आहे."

*

पुढच्या रविवारी मंडळ तळघरात भरलंच नाही. ते उनरूंच्या ओसरीवर येऊन बसलं. थिया दार उघडून बाहेर आली आणि चौकटीला टेकून राहिली.

"काय आहे?"

"बैठक आहे," ओरिन म्हणाला. "आणि 'तो आता' ने सुरू होणारं काहीही बोलायला बंदी आहे. बोललं की भांडी घासायची."

"बंदी कुणी घातली?"

"आम्हीच. नेलने पहिल्याच दिवशी दोनदा घासली."

थिया आत गेली नाही. बसलीही नाही. पोरांनी नेहमीचा खेळ काढला, गाडीतून लांब जाताना खेळायचे तो. इथल्या प्रत्येक वस्तूला तिकडचा एक अर्थ असतो, तो ओळखायचा.

"पाणी?"

"सत्य. सोपं आहे, पुढचं."

"मेंढरू?"

"भोळेपणा."

"ओरिनचे मोजे?"

"नरक. खालच्या मजल्यावरचा."

थियाच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढंच.

त्याच्या पुढच्या रविवारी ती पायरीवर बसली. आणि ओरिन, ज्याला गप्प बसणं जमतच नसे, एकदम म्हणाला, "वेंडेलने माझा पाना नेला होता, चौदा नंबरचा. कधी परत दिला नाही."

नेलने त्याच्याकडे डोळे वटारले.

"काय? 'तो आता' म्हटलं का मी?"

"आमच्या पत्र्याच्या पत्रपेटीला त्याने ट्रक घातला," दुसरं कुणीतरी म्हणालं. "आणि शपथेवर सांगितलं की हरीण होतं."

"पत्त्यात लबाडी करायचा."

"फार वाईट करायचा. पकडला जायचाच."

"गाताना तर..."

"देवा, ते गाणं."

थिया हसली. मग हसतच राहिली, पोट धरून. वर्षभर सगळे तिला एका पांढऱ्या कपड्यातल्या तेजस्वी तरुणाबद्दल सांगत होते आणि तिला तो कोण ते कळत नव्हतं. हा तिच्या ओळखीचा होता. पाना चोरणारा.

रविवार येत राहिले. गहू हिरव्याचा पिवळा होत गेला. ओरिनने उनरूंच्या खुराड्याचं दार बसवलं, तिरकं बसवलं, पुन्हा बसवलं. पोरं आता पूर्वीपेक्षा कमी बोलत आणि जास्त ऐकत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मिस आर्डिथ ओसरीवर एकदाही आल्या नाहीत.

एका संध्याकाळी बाकीचे गेल्यावर थियाने नेलला विचारलं, "तुला खरंच ठाऊक आहे? तो आहे म्हणून?"

"हो."

"कसं?"

"सांगता येत नाही. मला ठाऊक आहे, तुला नाही. बसू की दोघी तशाच."

"आणि एकोणीस जूनला?"

नेलने विचार केला. "उभी राहिलीस तर मी शेजारी आहे. नाही राहिलीस तर मी एकटी उभी राहीन, आणि तुझ्यावर भयंकर चिडेन. मग दुसऱ्या दिवशी येईन."

"चिडून?"

"चिडूनच. पण येईन."

*

एकोणीस जून कापणीत सापडला. दर वर्षी सापडतो. पिकलेला गहू उभा, हार्वेस्टर रस्त्याच्या कडेला लावलेले, आणि चर्चमध्ये माणसं शेताच्याच बुटांनिशी आलेली. सकाळपासून पश्चिमेला काळं भरून येत होतं. बाकांवरच्या सगळ्या माना मधूनमधून त्या बाजूच्या खिडकीकडे वळत होत्या. अशा आभाळातून गारा पडल्या तर वर्षाची कमाई अर्ध्या तासात जमिनीवर.

पास्टर व्हर्नांनी नेलला विचारलं. हा विश्वास तू तुझ्या बुद्धीने आणि तुझ्या मर्जीने स्वतःचा करतेस का? नेल हो म्हणाली, जरा घाईनेच.

मग थियाला विचारलं.

"मला आधी एक विचारायचंय," थिया म्हणाली.

"विचार."

"वेंडेल कुठे आहे ते मला ठाऊक नाही. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मला नाही. रोज उठले की बघते, आज तरी ठाऊक झालं का. देव चांगला आहे हे मला पटतं. चांगलं करावं, वाईट दिसलं की मागे फिरावं, तेही पटतं. तेवढं मी करीन. पण बाकीचं नाही. असं असताना इथं उभं राहता येतं, की खाली बसू?"

पास्टर व्हर्नांनी तोंड उघडलं. पण बोलल्या नाहीत, कारण मागच्या बाकावर कुणीतरी कष्टाने उठत होतं.

"व्हर्ना, मी बोलू का?" गुस्टाफ एडिगर म्हणाले.

"बोला, गुस्टाफ."

त्यांनी पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली. "मी बायकोशी, एल्सीशी, रोज बोलतो. ती गेल्यापासून. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगत असतो. काही सकाळी ती असते. काही सकाळी मी भिंतीशी बोलत असतो. हे दुसरं कधी सांगितलं नाही. वाटायचं, माझा एकट्याचाच विश्वास कच्चा आहे."

त्यांनी थियाकडे पाहिलं.

"तुझ्या हातांत हात घेऊन मी तेव्हा काय म्हणालो ते मला आठवतंय, पोरी. म्हणायला नको होतं. खाली बसू नकोस. तू बसलीस तर मलाही उठून घरी जावं लागेल, आणि माझे गुडघे काय आहेत ते तू बघतेसच."

मग ते बसले.

थियाला उत्तर द्यायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी वर्षभराचं रडू बाहेर आलं. मोठ्याने, बेढब, सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. नेल सरकून खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पेटीवाल्या बाईंनी पट्ट्यांवर ठेवलेले हात उचलून मांडीवर घेतले. तो सुखात आहे असं कुणी म्हणालं नाही. रडू नकोस असंही कुणी म्हणालं नाही.

बाहेर वारा सुटला. खिडकीची काच थरथरली. गव्हाच्या शेतांचे मालक बाकांवर बसून होते, हात गुडघ्यांवर, नजर समोर त्या दोन मुलींवर. खिडकीकडे कुणी पाहिलं नाही.

रडू ओसरायला वेळ लागला. थियाने बाहीने नाक पुसलं.

"घाई नाही," पास्टर व्हर्ना म्हणाल्या. "आम्ही बसलोय."