सर, चहा ठेवू का?

मित्रांनो, मी एक म्हातारा करडा पोपट आहे. हिरवा नाही, म्हणून मुलं मला पोपट मानायलाच तयार नसतात. एक डोळा अधू झालाय, शेपटी झडलीय, पण कान शाबूत आहेत. तसं आम्हा पोपटांचं नाव चांगलं कुठे निघतं? न समजता बडबडलं की पोपटपंची, आणि कुणाची फजिती झाली की त्याचा पोपट झाला! असो.

एका शाळेत नवे मुख्याध्यापक आले, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी मला दुकानातून विकत घेऊन त्यांना भेट दिलं. मला घेऊन अध्यक्ष सहकुटुंब सरांच्या घरी आले. इतक्यात स्वयंपाकघरातून एक काटकुळी म्हातारी हात पुसत बाहेर आली. हाताला भेगा, अंगावर विटलेले कपडे.

"या कोण?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

सरांची जीभ अडखळली. "त्या होय? आमच्या स्वयंपाकाच्या बाई."

म्हातारी जागच्या जागी थबकली. मग खाली बघत म्हणाली, "सर, चहा ठेवू का?"

मित्रांनो, ती त्यांची सख्खी आई होती! लोकांची भांडी घासून तिने त्यांना शिकवलं होतं. लेकाची अब्रू जाऊ नये म्हणून तिने ते खोटं मुकाट्याने अंगावर घेतलं. पुढे दारावरची घंटी वाजली की ती स्वयंपाकाची बाई व्हायची. सरांचं लग्न झालं, सूनबाईंनीही तोंडाला कुलूप लावलं. नातू झाला, तो तिला 'मावशी' म्हणायला शिकला.

मीही शिकलो. "सर, चहा ठेवू का?" असं मी हुबेहूब तिच्या आवाजात म्हणायचो. पाहुणे पोट धरून हसायचे, मला सूर्यफुलाच्या बिया द्यायचे. तीही हसायची. सर तेवढे खिडकीबाहेर बघत राहायचे.

ती वारली तेव्हा सरांनी तिचं क्रियाकर्म केलं. शेजारीपाजारी म्हणाले, "कामवालीचं एवढं कोण करतं हो! देवमाणूस आहात, सर." सरांनी मान खाली घालून ते कौतुक ऐकून घेतलं. नंतर एकदा पाहुण्यांसमोर मी तिचा आवाज काढला, तर माझी रवानगी मागच्या गॅलरीत झाली, रद्दी आणि मोडक्या छत्र्यांच्या शेजारी. तिथे माझी वर्षं गेली. पाणी घालायचंही कधीकधी कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

परवा सरांची नात मोठा कागद घेऊन गॅलरीत आली. शाळेने घराण्याचा वंशवृक्ष काढायला सांगितला होता. मैत्रिणी मदतीला होत्या, सर खुर्चीत बसून नावं सांगत होते. काम संपत आलं तशा मैत्रिणी निघाल्या.

"आजोबा, तुमच्या आईचं नाव?"

"ती मी लहान असतानाच गेली. मोठ्या घरची होती." एवढं बोलून सरांनी एक भारदस्त नाव ठोकून दिलं. पोरीने ते लिहिलं.

तेवढ्यात मैत्रिणींच्या मागे पुढचं दार धाडकन लागलं. पाहुणे गेले, दार लागलं आणि नातू आसपास नसला, की म्हातारी रोज जे म्हणायची, ते माझ्या तोंडून निसटलं: "बाळा, गेले का रे सगळे? बसू का जरा तुझ्याजवळ?"

"गेले गं आई. ये, बस," सर बोलून गेले.

पोरगी बघतच राहिली. "आजोबा, ती तर तुम्ही लहान असताना गेली ना?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. दारात त्यांचा मुलगा उभा होता. त्याने आवाज ओळखला होता. "बाबा, या तर आपल्या मावशी!"

"माझी आई होती रे," सर म्हणाले. "मला लाज वाटायची तिची. आता माझीच वाटते."

"मी तिला उष्टं ताट उचलायला लावायचो, बाबा!" मुलगा कळवळून म्हणाला.

पोरीने खोटं नाव खोडून काढलं आणि पुन्हा विचारलं. सरांनी खरं नाव सांगितलं, अगदी हळू. इतकी वर्षं मी त्या घरात काढली, ती म्हातारीही तिथेच राबली, पण ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आता पोरगी रोज पिंजऱ्यापाशी येऊन ते नाव मला शिकवते. आम्ही कानावर पडेल तेच शिकतो; शिकायच्या वयात ते नाव कधी कानावर पडलं नाही, आणि आता माझी जीभ वळत नाही. काल सर स्वतः शिकवायला बसले. "आई" म्हणाले आणि पुढे त्यांना बोलवेना.

मित्रांनो, तुमच्या घराण्याच्या झाडावर राजेमहाराजे नसले तरी चालेल. पण ज्यांनी तुमच्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्यांना चारचौघांत आपलं म्हणा, आणि ती माणसं ऐकायला आहेत तोवर म्हणा. नंतर पोपटाला शिकवून काय उपयोग?