सटवाईचा पत्ता

मी पिवळी वही बोलतेय. जर्मन सरकारची आहे, पण मुकी नाही.

या देशात मूल जन्मलं की आईच्या हातात जी वही ठेवतात, ती मी. जन्मापासून मूल पाच वर्षांचं होईपर्यंत नऊ तपासण्या. पोर किती वाढलं, ऐकतं का, बघतं का, हे डॉक्टरांनी माझ्यात लिहायचं, शिक्का मारायचा, आणि आईबापांनी मला जपायचं. इतकं सोपं काम. तरी मोठ्या माणसांनी त्याची माती केली. कशी, ते सांगते.

माझी मैथिली दोन हजार चार साली ऑक्टोबरात जन्मली. लुडविग्सहाफेनपासून ट्रामनं वीस मिनिटांवर एक गाव आहे, तिथं. बाप श्रीनाथ रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर, आई लतिका घरी. पहिल्या पानावर वजन लिहिलं, उंची लिहिली, डोक्याचा घेर लिहिला. पोरीच्या पाठीवर, कमरेच्या जरा खाली, तळहाताएवढा निळा-काळा डाग होता. डॉक्टरनं बघितला. "असतो असा," म्हणाला आणि पुढच्या बाळाकडे गेला.

लिहिलं नाही. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो हो?

पुढं नेहमीचे डॉक्टर आले, म्हातारे, प्रेमळ. प्रत्येक तपासणीला त्यांनीही डाग बघितला. त्यांनीही मान डोलावली. त्यांनीही लिहिलं नाही. सगळ्यांना दिसलं, आणि माझ्या पोटात काही नाही.

मैथिलीच्या जन्माला श्रीनाथची आई, मनोरमाबाई, मिरजेहून आल्या होत्या. सहाव्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी सटवाईची पूजा मांडली. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं. त्यांनी कागद शोधला नाही, मलाच उचललं.

"अहो आई, ती सरकारी वही आहे!" लतिका ओरडली.

"मग बरंच की! सटवाईला तरी कुठं साधा कागद चालतो आता?"

माझ्या पहिल्या पानावर कुंकवाची दोन बोटं उमटली. बाळाला कुशीवर वळवत मनोरमाबाई म्हणाल्या, "बघ, पाठीवर थापटी मारून पाठवलंय सटवाईनं. जा म्हणाली, जग. आता हे कुणाला दाखवू नका. उघड्या अंगाचे फोटो तर मुळीच काढू नका. नजर लागते."

लतिका शिकलेली पोर. पण बाळंतिणीला सासूशी वाद घालायला ताकद कुठून येणार? तिनं ऐकलं. मैथिली मोठी झाली तशी तिलाही सांगितलं: हे कुणाला दाखवायचं नाही, सटवाईची गंमत आहे आपली. झालं. घरातल्या घरात गुपित तयार झालं.

दोन हजार आठच्या जुलैत लतिका पोरीला घेऊन मिरजेला गेली. नणंदेचं लग्न होतं. महिन्याचे चार महिने झाले, आणि आठव्या तपासणीची मुदत त्यातच संपली. मिरजेच्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं, आपल्या कागदावर "नॉर्मल" लिहून दिलं. तो कागद तिथंच कपाटात राहिला. आणि मी? मी इकडं ड्रॉवरमध्ये, पासपोर्टांच्या खाली.

त्याच वर्षी इथल्या राज्यात नवा कायदा आला होता. कुठल्या कुठल्या घरांत पोरं मार खाऊन, उपाशी राहून मेली होती आणि शेजाऱ्यालाही पत्ता नव्हता. म्हणून सरकारनं ठरवलं, तपासणी चुकली की पत्र पाठवायचं. उत्तर नाही आलं की दुसरं पत्र. तरी नाही आलं की माणूस दारात. मला विचाराल तर चांगला कायदा आहे. मी त्याच कामासाठी जन्मले.

श्रीनाथ घरी एकटा. पहिलं पत्र त्यानं विजेच्या बिलांत ठेवलं. दुसरं फ्रिजवर चिकटवलं. फोनवर लतिकाला म्हणाला, "तपासणी झालीये ना तिकडं? मग झालं." आपली माणसं सरकारी पत्राला घाबरतात भरपूर, उत्तर मात्र देत नाहीत.

नोव्हेंबरात लतिका परतली. हिवाळाभर राहायला मनोरमाबाईही बरोबर आल्या. तोवर म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन गेले होते, दवाखान्याला कुलूप.

जानेवारीतल्या एका मंगळवारी फोन आला. युगेंडआम्टमधून, म्हणजे मुलांचं रक्षण बघणाऱ्या सरकारी खात्यातून. तीन वाजता येतोय म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

लतिकानं घर पुसलं. मनोरमाबाईंनी शिरा केला. पाहुणी यायची म्हटल्यावर दुसरं काय करणार? श्रीनाथ कारखान्यातून पळत आला. मैथिलीला आतल्या खोलीत चित्रं रंगवायला बसवलं, आणि मला टेबलावर ठेवलं.

आलेल्या बाईचं नाव फ्राऊ लोरेन्त्स, फ्राऊ म्हणजे श्रीमती. पन्नाशीची, केस बारीक कापलेले. तिनं शिऱ्याला हात लावला नाही. मला उघडलं. आठव्या तपासणीचं पान कोरं.

"आम्ही भारतात होतो," श्रीनाथ म्हणाला. "तिथं तपासणी झालीये."

"कागद?"

"तिकडे राहिला."

तिनं पिशवीतून एक कागद काढला आणि सावकाश वाचला. काल किंडरगार्टनची मुलं पोहायला गेली होती. कपडे बदलताना बाईंना मैथिलीच्या पाठीवर मोठा निळा डाग दिसला. हे काय झालं, विचारलं. पोरगी जर्मनमध्ये म्हणाली, "सटवाईनं मारलं. दाखवायचं नाही, आई म्हणते." कोण सटवाई, विचारलं तर म्हणाली, "आजीला माहितीये."

लतिकानं खुर्चीची पाठ धरली.

"या घरात सटवाई नावाची बाई राहते का?" फ्राऊ लोरेन्त्सनं विचारलं, आणि सरळ मनोरमाबाईंकडे बघितलं.

"नाही, नाही. ती बाई नाही," श्रीनाथ म्हणाला. "ती... देवी आहे. सहाव्या दिवशी येते आणि बाळाचं नशीब लिहिते."

"कुठे लिहिते?"

एवढा शिकलेला माणूस, पण त्याचं बोट माझ्याकडे गेलं. फ्राऊ लोरेन्त्सनं माझं पहिलं पान उलटलं. त्यावर लाल बोटांचे दोन ठसे. तिनं पान वर धरलं. "आणि हे काय आहे?"

"कुंकू. पावडर आहे. हळदीची," लतिका घाईघाईनं म्हणाली.

"हळद पिवळी असते ना?"

तिनं पान मिटलं.

"हे बघा, डाग जन्मापासून असेल तर वहीत लिहिलेलं असणार. दाखवा."

नाही.

"जुने डॉक्टर?"

दवाखाना बंद.

"लहानपणीचा एखादा फोटो? अंघोळीचा, समुद्रावरचा?"

लतिका रडायला लागली. पाच हजार फोटो होते घरात. सगळ्यांत पोरीच्या अंगात झबलं नाहीतर फ्रॉक.

मी तिथंच पडले होते. सव्वाचार वर्षं मी त्या पोरीची साक्षीदार. मला सगळं माहीत. आणि मला सांगता येत नव्हतं, कारण जे लिहिलं नाही ते वही कुठून बोलणार?

"काय म्हणतेय रे ती?" मनोरमाबाईंनी विचारलं. श्रीनाथ माझी पानं उलटत राहिला. "अरे, माझ्याकडं बघून बोलतेय ती! सांग मला."

"आई, तिला वाटतंय तू मैथिलीला मारलंस."

मनोरमाबाईंनी शिऱ्याची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तिला सांग, आत्ता डॉक्टरला बोलाव. आत्ता. माझ्यादेखत."

फ्राऊ लोरेन्त्सनं नवीन डॉक्टरांना फोन लावला. सकाळी आठची वेळ मिळाली. मग ती म्हणाली, "मारल्याचा डाग निघाला तर मुलीला मी तिथूनच घेऊन जाईन. आणि तोपर्यंत मुलीला आजीबरोबर एकटं सोडायचं नाही. एक मिनिटसुद्धा नाही."

ती गेली. मैथिली चित्र दाखवायला आजीकडे धावली. मनोरमाबाई उठल्या आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

"आजी! बघ ना!"

"नको बाळा. आईला दाखव."

"तू ये ना बाहेर!"

"मला मनाई आहे गं."

दाराच्या अलीकडं पोरगी, पलीकडं आजी. श्रीनाथ मधे उभा. त्याला दार वाजवायचंही धैर्य झालं नाही.

सकाळी आठ वाजता नवीन डॉक्टरीण, फ्राऊ हाउक. मैथिलीनं कपडे काढायला नकार दिला. "दाखवायचं नाही," म्हणाली. लतिका गुडघ्यावर बसली. "दाखव बाळा. आईचं चुकलं. दाखवायचं असतं." आणि एकेक बटण तिनंच सोडलं.

खिडकीशी फ्राऊ लोरेन्त्स उभी. डॉक्टरणीनं डागावर बोट दाबलं. "दुखतं?" नाही. कडा बघितल्या. सूज नाही, कुठं पिवळं-हिरवं नाही. भिंगातून बघितलं. श्रीनाथनं तर मला इतकं घट्ट धरलं की माझा कोपरा मुडपला. अजून तसाच आहे.

"जन्मखूण," डॉक्टरीण म्हणाली. "आशियातल्या पुष्कळ मुलांना असते. बहुतेकांची जाते, हिची रेंगाळलीये. मार नाही हा." मग माझ्याकडे बघून जरा चिडूनच म्हणाली, "हे इतक्या वर्षांत कुणीच लिहिलं नाही?"

तिनं लिहिलं. दीड ओळ झाली. वर तारीख आणि शिक्का.

जाताना फ्राऊ लोरेन्त्सनं माफी मागितली नाही. म्हणाली, "मला विचारावंच लागतं. एका घरात मी विचारलं नव्हतं." लतिकानं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. मलाही त्या बाईचा राग येत नाही. खोटं कशाला बोलू?

राग येतो तो हात आखडणाऱ्या पेनांचा. डोळ्यांनी बघता, मान डोलावता, मग लिहायला काय होतं? पानं भरायला दिली आहेत, शोभेला नाही. आणि आयांनो, तुम्हालाही सांगते. पत्र आलं की फोडा, वाचा, उत्तर द्या. पोरीच्या अंगावरची गोष्ट पोरीला लपवायला शिकवू नका. ज्या घरात पोरीला सांगायचं नाही असं शिकवतात, त्या घरात खरंच कुणी मारलं तर ती कुणाला सांगणार?

आता वर्ष झालं त्याला. नववी तपासणी झाली, माझी पानं संपली. उंची बरोबर, कान बरोबर, नजर बरोबर. सरकारच्या हिशेबी मूल सुखरूप आहे आणि माझं काम झालं. लतिका मला कपाटात वर ठेवणार आहे. तिथं जायला माझी हरकत नाही.

मनोरमाबाई या हिवाळ्यातही आल्यात. पोरगी त्यांना चिकटलेली असते, अंघोळ आजीच्याच हातची हवी म्हणून हटून बसते. आत्ताही बाथरूममधून नळाचा आवाज येतोय.

"लतिका, ये गं. पोरीला अंघोळ घालायचीये."

"अहो आई, घाला की तुम्ही. माझी भाजी आहे गॅसवर."

"गॅस बंद कर. तू इथं उभी राहा, मग मी घालते."

"आई, कोणी काही म्हणत नाही आता."

"मला माहितीये. तू ये."

लतिकानं गॅस बंद केला. जाऊन दारात उभी राहिली.