बराकपूरचे सरदार

बंगालच्या इतिहासात मराठी माणसाचं स्थान अढळ आहे. मूल झोपत नसलं की बंगाली आया दोनशे वर्षं आमचीच भीती घालत आल्या आहेत.

या परंपरेचा मान राखायचा म्हणून चारुदत्त रायरीकरांनी १९७३ साली आपल्या पणजोबांची तसबीर कलकत्त्याच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लावायचं ठरवलं. रायरीकर चार पिढ्यांचे कलकत्तेकर आणि मंडळाचे अध्यक्ष. तसबिरीत पगडी, मिशा, कमरेला तलवार. खाली लिहायचा मजकूरही तयार होता: 'विसाजीपंत रायरीकर, मराठा सरदार. बंगालवर चालून आले व येथेच राहिले.'

"पुरावा?" दिगंबरराव पांडव म्हणाले. ते ऑडिटमध्ये होते, नागपूरहून बदलून आलेले. "मराठे आले सतराशे बेचाळीसला. कॅमेऱ्याच्या शंभर वर्षं आधी फोटो काढून घेणारा हा पहिलाच सरदार."

"मग सरदारांचे वंशज. पण लष्करात होते. बराकपूरला."

"हुद्दा?"

"त्या काळी हुद्दा विचारायची पद्धत नव्हती."

पुरावा मिळाला तरच तसबीर लागेल, असं ठरलं. रायरीकरांचा चेहरा पडला. ऑफिसातले बंगाली त्यांना तीस वर्षं 'काय रे बर्गी', म्हणजे मराठा लुटारू, अशी हाक मारत होते. निदान बर्गी असल्याचा थोडा फायदा तरी व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

रविवारी आम्ही बराकपूरला गेलो. मी बँकेच्या बदलीवर आलेला. माझं मत कोणी विचारत नसे, म्हणून मला तटस्थ साक्षीदार नेमलं होतं. विसाजीपंत घोषालांकडे भाड्याने राहत, एवढी माहिती रायरीकरांच्या घरात होती. घोषालांचं घर अजून उभं होतं आणि त्यात ऐंशी उलटलेल्या प्रेमलता घोषाल होत्या. तसबीर पाहून त्या हसत सुटल्या आणि बंगालीत पुष्कळ बोलल्या.

"काय म्हणतात?" दिगंबररावांनी विचारलं.

"ओळखलं म्हणतात," रायरीकरांनी भाषांतर केलं.

"एवढं बोलल्या, त्याचं एवढंच?"

"बंगाली भाषा जरा पसरट आहे."

बाई पुन्हा सुरू झाल्या. मध्येच डोक्यावर पदर ओढून त्यांनी हमसून हमसून रडून दाखवलं.

"आणि हे?"

"आठवणीने गहिवरल्या," रायरीकर दुसरीकडे बघत म्हणाले.

दिगंबररावांनी त्यांच्याकडे ऑडिटची नजर टाकली. बाईंना ती नजर कळली असावी. त्या स्वच्छ इंग्रजीत बोलू लागल्या, आणि रायरीकरांचं दुभाष्याचं काम संपलं.

तसबिरीतले सरदार म्हणजे प्रेमलताबाईंचे आजोबा. घोषालांची हौशी नाटकमंडळी होती आणि बर्ग्यांच्या नाटकात आजोबा दुष्ट मराठा सरदार होत. पगडी भाडेकरूची, म्हणून फोटोची एक प्रत भाडेकरूला. भाडेकरू छावणीच्या कोठारात कारकून. सरदाराचं काम त्यांनीही मागितलं होतं, पण तालमीत ते कोणालाच मराठा वाटेनात.

"मग आमचे पणजोबा कुठे आहेत?" रायरीकरांनी बारीक आवाजात विचारलं.

बाईंनी भिंतीवरचा सगळ्या नटमंडळींचा फोटो दाखवला. खालच्या रांगेत, पांढऱ्या साडीत, बर्ग्यांनी लुटलेली बंगाली विधवा बसली होती. नाक थेट रायरीकरांचं.

"आमच्या मंडळीत अशी विधवा पुन्हा झाली नाही," बाई म्हणाल्या. "आजी तर दर प्रयोगाला रडायची."

परतीच्या लोकलमध्ये रायरीकरांनी तसबीर मांडीवर पालथी ठेवली होती. डमडम आलं तसे रायरीकर ताठ बसले.

"दिगंबरराव, त्या काळी बंगाली नाटकात काम करणारा दुसरा मराठी माणूस दाखवा."

"नाही बुवा दाखवता येत."

"मग?"

"पुरावा पक्का आहे," दिगंबरराव म्हणाले. "लावा."

रायरीकरांनी त्या ग्रुप फोटोची मोठी प्रत करून घेतली, सोनेरी चौकट बसवली, खाली 'बंगाली रंगभूमीला महाराष्ट्राची देणगी' असं लिहवून घेतलं आणि प्रेमलताबाईंना अनावरणाचं निमंत्रण दिलं. आदल्या दिवशी आम्ही खिळा आणि हातोडी घेऊन मंडळात गेलो.

हॉल भाड्याचा होता. भिंतीला खिळा ठोकायला घरमालकाची मनाई होती.